सोडून दिलेल्या गोष्टीची किंमत

मृग नक्षत्र लागून पहिला समाधानकारक पाऊस झाला, की वऱ्हाडातील घरोघर एकच प्रश्न उभा राहतो: यंदा कोणत्या वावरात काय पेरावयाचे? अमरावतीकडील शेतकरी कपाशी व सोयाबीन यांचा विचार करीत असतो. अकोल्याकडील शेतकरी त्यात तूर, मूग व उडीद यांची भर घालतो. त्याच सुमारास पेठेतील व्यापारी माल विकून टाकावा की आणखी महिनाभर गोदामात ठेवावा याचा हिशेब करीत असतो, आणि शहरातील एखादा कारकून मुलीचे लग्न थाटाने करावे की ती रक्कम मुलाच्या शिक्षणास राखावी या विवंचनेत असतो. या तिघांची राहणी भिन्न, धंदे भिन्न, भाषाही काहीशी भिन्न. परंतु तिघांपुढील प्रश्न एकाच जातीचा आहे व त्याच प्रश्नाच्या विचारास अर्थशास्त्र असे नाव आहे.

अर्थशास्त्र म्हणजे पैसा मिळविण्याची विद्या, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. म्हणून ज्याच्यापाशी पैसा नाही तो मनुष्य या शास्त्राकडे फिरकत नाही, आणि ज्याच्यापाशी आहे त्यास ते शिकण्याची आवश्यकता भासत नाही. ही समजूत आजची नव्हे. लोकहितवादींनी 1849 साली 'लक्ष्मीज्ञान' हे पुस्तक मराठीत लिहून संपत्तीचे नियम सामान्य वाचकास समजावून देण्याचा उपक्रम केला, त्यास आता पावणेदोनशे वर्षे झाली. पुढे 1932 साली लंडन येथील प्राध्यापक लायनेल रॉबिन्स यांनी या शास्त्राची जी व्याख्या केली तिचा आशय असा की, मनुष्याच्या गरजा अनेक, त्या भागविण्याची साधने थोडी, आणि त्या साधनांचा उपयोग एकाहून अधिक प्रकारे करता येतो. म्हणून मनुष्यास निवड करावी लागते, आणि त्या निवडीचा अभ्यास म्हणजेच अर्थशास्त्र. या व्याख्येत पैशाचे नावही नाही. शेत, पाणी, बैल, हातपाय, दिवसाचे तास ही सारी साधनेच होत. जेथे निवड आहे तेथे हे शास्त्र आहे, मग तेथे रुपया असो वा नसो.

या शास्त्राचा पहिला सिद्धांत अगदी सोपा आहे. म्हणूनच बहुधा तो विसरला जातो. कोणत्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी आपण जी दुसरी उत्तम गोष्ट सोडली ती होय. पाच एकरांत कपाशी लावली, तर त्या कपाशीची किंमत केवळ बियाणे, खत, फवारणी व वेचणी एवढीच नव्हे; त्या पाच एकरांत जे दुसरे पीक आले असते तेही तिच्या किमतीत धरले पाहिजे. ज्वारी सोडली तर तिचे दाणे गेले हे सर्वांस दिसते, परंतु दाण्यांबरोबर कडबाही गेला. कडबा गेला म्हणजे बैलास व गाईस चारा विकत घेणे आले. तो परवडेनासा झाला म्हणजे जनावर विकणे आले. जनावर गेले म्हणजे शेणखत गेले व त्याच्या जागी खताची पोती आली. ज्वारी जाऊन नगदी पीक आले तेव्हा वहीत फक्त नगदी पिकाचा भाव जमेस धरला गेला. सोडून दिलेल्या गोष्टींची ही लांबलचक मालिका कोणीच मांडली नाही.

एक हिशेब करून पाहू. यातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, पाच एकरांतून एका कुटुंबास वर्षाकाठी 1,50,000 रुपये मिळाले व रोख खर्च 1,00,000 झाला. घरधनी म्हणेल, पन्नास हजार नफा झाला. आता तीच जमीन एकरी 8,000 रुपये मक्त्याने दिली असती तर 40,000 रुपये आले असते. नवरा-बायको दोघांनी शंभर शंभर दिवस घरच्या वावरात राबण्याऐवजी 300 रुपये रोजाने बाहेर काम केले असते, तर आणखी 60,000 रुपये आले असते. म्हणजे पन्नास हजार मिळविण्यासाठी या कुटुंबाने एक लक्ष रुपये सोडले. त्यास नफा म्हणावयाचे की तोटा, हे वाचकांनीच ठरवावे. घरच्या मेहनतीस मोल नाही व घरच्या जमिनीस भाडे नाही, अशा समजुतीवर आपल्याकडील निम्मी शेती व बरीचशी लहान दुकानदारी चालत आलेली आहे.

परंतु येथेच थांबून शेतकऱ्यास अडाणी ठरविण्याची जी घाई शहरातील सुशिक्षित मंडळी करतात, तिच्याशी आम्ही सहमत नाही. सोडलेली गोष्ट खरोखर उपलब्ध असेल तरच तिची किंमत धरावयाची. ज्या गावी शंभर दिवस बाहेरचे काम मिळतच नाही, त्या गावी घरच्या मेहनतीसाठी सोडलेली मजुरी जवळजवळ शून्य ठरते, आणि मग तोट्याची दिसणारी शेती हीच त्या कुटुंबाची शहाणी निवड होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे उदाहरण घ्या. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे. ते पिकास दिले तर काळी जमीन बिघडते. तेथील शेतकऱ्याने ओलिताचे पीक का घेतले नाही असे विचारणे म्हणजे ज्यास घोडा नाही त्यास तू घोड्यावरून का आला नाहीस असे विचारण्यासारखे आहे. कपाशीची मुळे खोल जातात, पावसाने मध्येच ओढ दिली तरी ती काही काळ तग धरते. कापूस घरात साठविता येतो व गरजेप्रमाणे थोडाथोडा विकता येतो. ज्वारीवर पाखरे पडतात, रानडुकरे व रोही तिची नासाडी करतात, त्या मानाने कापसाची राखण कमी. ही सारी कारणे शेतकऱ्यास ठाऊक असतात. तो हिशेब करतोच. पण ज्या साधनांवर हिशेब करावयाचा तीच तोकडी आहेत.

निवड आणि सक्ती यांतील हा भेद वऱ्हाडच्या इतिहासाने फार कठोरपणे शिकविला आहे. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत पैशाचा पूर आला व त्यातून शेअरांचा जुगार माजला. 1865 साली युद्ध संपताच तो फुगा फुटून भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. इकडे 1867 साली मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट अकोला व बडनेरा यांवरून नागपुरास पोहोचली. भाव उतरले, परंतु लोहमार्ग राहिला, सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आणि वऱ्हाडची जमीन वर्षानुवर्षे अधिकाधिक कपाशीखाली जात राहिली.

भाव चढला की ज्याचा भाव चढला त्याची पेरणी वाढावी, हा नियमच आहे. भाव हा एक निरोप असतो. लँकेशायरमधील गिरणीची निकड तो खेड्यातील शेतकऱ्यास कळवितो. परंतु त्या निरोपाबरोबर जमीनसाऱ्याचा रोख हप्ता व सावकाराचे व्याज हेही येत होते. सारा रोख भरावयाचा, व्याज रोख द्यावयाचे, तर रोख देणारे पीक घेणे भाग. 1896-97 साली आणि पुन्हा 1899-1900 साली पाऊस बुडाला, तेव्हा या निवडीची बाकी चुकती करावी लागली. पूर्वी पेवात ज्वारी असे. आता बाजारातून धान्य आणावयाचे होते. आगगाडीने धान्य आणता येत होते, परंतु पीक बुडाल्यामुळे मजुरास काम नव्हते व काम नसल्यामुळे हातात पैसा नव्हता. धान्याचा दुष्काळ व पैशाचा दुष्काळ एकत्र आले. नगदी पीक घेणे हा अपराध नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मात्र घरातील धान्याची पेवे जेव्हा रिकामी झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर एक प्रकारचा विमाही गेला. त्याची किंमत कोणी मोजली नव्हती.

दुसरा सिद्धांत असा की, शहाणी निवड सरसकट नसते. ती पुढच्या एका पावलाची असते. फवारणी चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. तीन फवारण्या झाल्यावर चौथीने जेवढा कापूस वाचेल त्याची किंमत चौथीच्या खर्चाहून अधिक आहे काय, हा खरा प्रश्न. खताचे पहिले पोते जेवढे देते तेवढे दुसरे देत नाही आणि दुसरे देते तेवढे तिसरे देत नाही. दुकानातील मालासही हाच न्याय लागू आहे.

याच सिद्धांताची एक पोटशाखा आहे व तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने पुष्कळ घरे बुडाली आहेत. जो खर्च होऊन गेला व परत येणे नाही, तो पुढील निवडीत धरावयाचा नसतो. वरूड-मोर्शी हा अमरावती जिल्ह्यातील संत्र्यांचा मुलूख. संत्र्याचे झाड फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात; तोवर त्याचे पालनपोषण करावे लागते. ऐन उन्हाळ्यात विहीर आटली की बागाईतदार विंधनविहीर घेतो. पहिली कोरडी गेली, दुसरी कोरडी गेली. मग तो म्हणतो, एवढा पैसा घातला, आता मागे कसे फिरावयाचे? परंतु पहिल्या दोन विहिरींचा पैसा तिसरी घेतली तरी गेला व न घेतली तरी गेला. तिसऱ्या विहिरीस पाणी लागण्याचा संभव किती आणि लागल्यास बाग किती वाचेल, एवढेच पाहावयाचे. दुबार पेरणी फसल्यावर तिबार पेरणी करणाऱ्यास, तोट्यातील दुकानात भाऊबंदांचे पैसे ओतणाऱ्यास व उतरत्या भावात माल धरून बसणाऱ्या व्यापाऱ्यास आमचे हेच सांगणे आहे. गेलेल्या पैशाचा शोक करण्यास हरकत नाही. त्याच्या सल्ल्याने चालू नये.

विंधनविहिरीच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एकाने अधिक खोल विहीर घेतली म्हणजे शेजाऱ्याचे पाणी खाली जाते. मग शेजारी त्याहून खोल जातो. प्रत्येकाची निवड त्याच्यापुरती शहाणपणाची, आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र मूर्खपणाची. वरूड व मोर्शी भागातील भूजलाचा उपसा मर्यादेपलीकडे गेला तो याच मार्गाने. कपाशीच्या फरदडीचे प्रकरण याच मासल्याचे आहे. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटून न टाकता तिला पाणी देऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ठेवली, तर आणखी थोडा कापूस मिळतो. पहिला खर्च होऊन गेलेला असल्याने हा थोडा कापूस जवळजवळ फुकट वाटतो. परंतु त्या उभ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीस अन्न व आसरा मिळतो आणि पुढील हंगामात ती साऱ्या शिवारावर उतरते. बीटी कपाशीस आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली. काही वर्षे बोंडअळीचा धाक गेला. पुढे गुलाबी अळी त्या वाणास दाद देईनाशी झाली व 2017 च्या हंगामात तिने विदर्भातील कपाशीची दैना केली. फरदड हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण महत्त्वाचे कारण खास होय. लाभ एकाचा व हानी दहांची असे जेथे असते, तेथे प्रत्येकाच्या सद्बुद्धीवर विसंबून चालत नाही. गावाने मिळून ठराव करावा लागतो व तो पाळावा लागतो. अमुक तारखेपर्यंत शिवारातील सर्व पऱ्हाट्या उपटावयाच्या, असे एका गावाने ठरविले तर त्याचा उपयोग दहा फवारण्यांहून अधिक होईल.

आता आमच्या व्यापारी बंधूंकडे वळू. निवड करण्यास माहिती लागते, आणि भाव लपविला की निवड आंधळी होते. एके काळी सौदे रुमालाखाली बोटे दाबून होत. ज्याचा माल त्यासच आपल्या मालाचा भाव कळत नसे. वर कडता, धर्मादाय, हमाली, नमुना अशा नाना नावांनी मालात व पैशात कपात होई. या अव्यवस्थेस पहिला नियम घातला तो वऱ्हाडात. 1886 साली कारंजा येथे नियमाने चालणारा कापसाचा बाजार सुरू झाला, आणि 1897 साली वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतीसंबंधीच्या शाही कमिशनने 1928 च्या अहवालात असे नियमित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली, तेव्हा तिच्यापुढे वऱ्हाडचा कित्ता होता. आजच्या कृषि उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ आपल्या दारात आहे, याचा अभिमान बाळगावयाचा असेल तर त्याबरोबर एक जबाबदारीही येते. चोख माप व उघडा लिलाव ही दानधर्माची बाब नव्हे. ज्या पेठेत मापाविषयी संशय नसतो तेथे दूरचा माल येतो, आणि माल येतो तेथे ग्राहक येतो. विश्वास हे व्यापाऱ्याचे भांडवल आहे व ते एका हंगामात उधळता येते. परत जमविण्यास पिढी लागते.

शेतकरी दसरा-दिवाळीच्या गर्दीत माल विकून मोकळा होतो व मागाहून भाव चढतो, यावरून त्यास धीर नाही असे म्हणण्याची चाल आहे. धीर म्हणजे काय, ते पाहू. समजा, एकापाशी वीस क्विंटल कापूस आहे व आजचा भाव 7,000 रुपये आहे. त्याच्यावर तेवढेच, म्हणजे 1,40,000 रुपये कर्ज आहे व सावकार दरमहा शेकडा 3 व्याज घेतो. चार महिने थांबल्यास व्याजाचे 16,800 रुपये झाले. म्हणजे क्विंटलमागे 840. भाव 7,840 वर गेला तरच तो जेथल्या तेथे राहिला. वजनातील घट व घरात आग लागण्याची भीती निराळीच. त्याच्या शेजाऱ्यास हेच कर्ज दरमहा शेकडा 1 व्याजाने मिळाले असेल, तर थांबण्याची किंमत क्विंटलमागे 280 रुपये पडते. दोघांच्या स्वभावात काही भेद नाही. भेद व्याजात आहे. व्याज ही थांबण्याची किंमत आहे, आणि ज्यास थांबणे महाग पडते तो स्वस्त विकणारच. म्हणून सोयाबीन, तूर, मूग इत्यादी मालासाठी बाजार समित्यांमार्फत जी शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू झाली, तिचे महत्त्व भाषणबाजीहून अधिक आहे. तारण ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम शेकडा 6 वार्षिक व्याजाने सहा महिन्यांसाठी देण्याची तीत तरतूद आहे. अशी सोय कागदावर असणे व आडगावच्या शेतकऱ्यास ती वेळेवर मिळणे यांतील अंतर जो कमी करील तो त्या शेतकऱ्यास खरा धीर देईल.

सरकारासही निवड चुकत नाही. सरकार एकास देते ते दुसऱ्याकडून घेऊनच, हे उघड असता लोक ते विसरतात आणि सरकारही ते विसरावे अशी व्यवस्था ठेवते. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्यान्वये 1972-73 च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खासगी व्यापाऱ्याच्या हातून शेतकऱ्यास सोडवावे, हा हेतू स्तुत्य होता व बरीच वर्षे शेतकऱ्यास तिचा आधारही वाटला. परंतु शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जाई व तिकडे उतरला की सारा कापूस खरेदी केंद्रांवर येऊन पडे. योजनेस तूट येत गेली, चुकारे लांबत गेले व 2002 नंतर तो एकाधिकार संपुष्टात आला. भाव बांधून देणे सोपे. पण त्या भावाने येणारा सारा माल घेण्यास तिजोरी व कोठारे लागतात. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये जाहीर असताना बाजारातील भाव पुष्कळ ठिकाणी त्याखाली होता, हे आपण पाहिलेच आहे.

2025 सालचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. त्या वर्षीच्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 589 रुपयांनी वाढवून 8,110 करण्यात आला. आणि त्याच वर्षी 19 ऑगस्टपासून परदेशी कापसावरील 11 टक्के आयात कर उठविण्यात आला, ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढविली. कर उठला की सूतगिरणीस कच्चा माल स्वस्त, तेथील कामगारांचे काम सुरक्षित. आणि वऱ्हाडातील कापसास ऐन हंगामात प्रतिस्पर्धी उभा. दोन्ही बाजूंस पोट आहे. परंतु जेव्हा असा निर्णय होतो तेव्हा कोणाचे किती गेले व कोणास किती मिळाले हे सरकारने उघड मांडावे, एवढी अपेक्षा करण्याचा रयतेस हक्क आहे.

शेवटी घराकडे येऊ, कारण सर्वांत मोठ्या निवडी तेथेच होतात. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव जे कीर्तन केले, त्यात धर्म होता तितकेच अर्थशास्त्रही होते. ऋण काढून सण करू नका, तेराव्याच्या जेवणावळीपायी जमीन गहाण टाकू नका, मुलांस शाळेत घाला, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा. एका जेवणावळीची किंमत एका मुलाचे शिक्षण आहे, ही सोडलेल्या गोष्टीची किंमत निरक्षर श्रोत्यास त्यांनी जशी समजावली तशी आम्हा लेखणीवाल्यांस समजाविता आलेली नाही. बाबा 1956 साली निवर्तले. लग्नाचा मंडप त्यानंतर लहान झाला काय? शहरातील सुखवस्तू घरे ज्या थाटाची प्रथा पाडतात तीच खेड्यातील गरीब घर कर्ज काढून पाळते. म्हणून या बाबतीत पहिले पाऊल शहरांतील व्यापारी व नोकरदार वर्गाने उचलले पाहिजे. कमी खर्चाचे लग्न गरिबाने केले तर त्यास दारिद्र्य म्हणतात, श्रीमंताने केले तर त्यास सुधारणा म्हणतात. तेव्हा सुधारणेचा मान ज्यांस घेता येतो त्यांनीच तो घ्यावा.

घरातील आणखी एक हिशेब आम्हांस मांडावयाचा आहे. कापूस वेचते स्त्री, निंदण करते स्त्री. पहाटे उठून भाकरी, पाणी व गोठा आटोपून मग ती वावरात जाते. तिच्या मेहनतीस वहीत रकाना नाही. ज्या गोष्टीस किंमत लिहिलेली नसते ती मुक्तहस्ताने उधळली जाते. पेरणी कशाची, कर्ज किती, मुलीस शाळेतून काढावयाचे की नाही, या निवडींत जिचे श्रम खर्ची पडतात तिचे मत घेतले जात नाही, आणि कर्ज बुडाल्यावर मागे राहून ते फेडण्याचे मात्र तिच्याच कपाळी येते. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती व अकोला त्यांत होते. ती ज्या आत्महत्यांमुळे जाहीर करावी लागली त्यांस केवळ चुकीची निवड कारण झाली, असे जो म्हणेल तो निर्दय होय. पाऊस, व्याज, भाव व ओलित यांपैकी एकही ज्याच्या हाती नव्हते, त्याच्यापुढे निवड ती काय होती? म्हणूनच एका बाजूस मनुष्यास हिशेब शिकविणे व दुसऱ्या बाजूस त्याच्यापुढील वाटा वाढविणे ही दोन्ही कामे बरोबर चालली पाहिजेत. डॉ. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली अमरावतीस शिक्षणसंस्था काढली आणि त्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडात कर्जदार शेतकऱ्यांसाठी कर्ज तडजोडीचा 1933 चा कायदा झाला. शाळेने हिशेब येतो, कर्जाची तडजोड झाल्याने हात मोकळा होतो. एकाशिवाय दुसरे अपुरे.

वाचकांस आमची सूचना एवढीच की, येत्या हंगामात, दुकानाच्या वहीत असो की घरखर्चाच्या वहीत असो, जमा व खर्च यांच्या शेजारी तिसरा रकाना आखावा आणि त्यावर 'सोडले' असे लिहावे. मोठी खरेदी, मोठे कर्ज, मोठा समारंभ यांपूर्वी त्या रकान्यात एक ओळ भरावी, आणि ती भरताना घरातील स्त्रीस शेजारी बसवावे. बाजार समितीच्या संचालकांनी, नगरपालिकेच्या सभासदांनी व आमदारांनीही आपापल्या ठरावांस हा रकाना जोडावा. तो रकाना कोरा राहिला तर निवड झालीच नाही असे समजावे. कोणाच्या तरी रेट्याने, सवयीने अथवा लाजेने काम झाले. वऱ्हाडची काळी जमीन उदार आहे, परंतु तीही एका वेळी एकच पीक देते.